गाडी सुटली, रोगी गेला

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीत एक स्वतंत्र दुनिया नांदते. तिथे डॉक्टर येण्याआधीच रोगी दगावलेला असतो. फलाटावर पाऊल टाकावे तर गाडी सुटलेली असते. काश्मीरची सीनरी बारमाही सुंदर, पण तिचे अनेकवचन करायचे नाही. फर्निचर घरभर पसरले तरी ते एकच. दोन भावांपैकी एकही कधी वेळेवर पोहोचत नाही, आणि तरीही त्याच्यामागे क्रियापद एकवचनीच लावावे लागते. या दुनियेत कुणी कुणाशी इंग्रजी बोलत नाही. चार वाक्यांतले बरोबर वाक्य ओळखणे एवढाच तिथला व्यवहार.

आपल्याकडच्या तलाठी भरतीत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांचे प्रत्येकी 25 प्रश्न असतात. 2023च्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. निवड झालेल्याचे पुढचे आयुष्य सातबारा, फेरफार आणि पंचनामे यांत जायचे, आणि ते सारे मराठीत. गारपिटीनंतर बांधावर उभा असलेला शेतकरी ‘नो सूनर’च्या पुढे ‘दॅन’ येते की ‘व्हेन’, हे काही तलाठीभाऊसाहेबांना विचारणार नाही. तरी प्रश्न येतो, 2 गुणांचा येतो, आणि 2 गुणांनी यादीत माणूस कुठल्या कुठे जातो हे उमेदवारांना वेगळे सांगायला नको.

पर्यायी प्रश्नांची अडचण समजण्यासारखी आहे. दहा लाख निबंध तपासणार कोण? पर्यायाचा क्रमांक यंत्राला जुळवता येतो, तपासनिसाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. पण या सोयीचा एक हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही. चारांत एक वाक्य शुद्ध, म्हणजे उरलेली तीन अशुद्ध. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे प्रश्नसंच सोडवणारा मुलगा एका बरोबर वाक्यामागे तीन चुकीची वाक्ये मन लावून, अधोरेखित करून वाचतो. इंग्रजी शिकवण्याची ही रीत द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांना सुचली नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांचे नशीब. त्यांच्या भाषांतर पाठमालेतून घडलेल्या इंग्रजीला लोक हसत असत, पण त्यातले वाक्य निदान मुलाला स्वतः रचावे लागे.

प्रश्नकर्त्याचीही दया येते. बरोबर वाक्य पुस्तकातून उचलता येते. चुकीची तीन मात्र पदरची घालावी लागतात, तीही खरी वाटतील अशी. पुस्तक बहुधा रेन आणि मार्टिन यांचे, नाहीतर पाल आणि सुरी यांचे. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची त्यांची साहसी कादंबरी 1924मध्ये आली आणि जगभर खपली. तिकडे त्यांचे नाव निघते ते त्या कादंबरीपायी. आपल्या तीन पिढ्यांनी मात्र त्यांना कर्मणी प्रयोगाचे अधिपती म्हणूनच ओळखले.

पदरच्या वाक्यांत घोळ होतो तो असा. नमुन्यादाखल प्रश्न घ्या: ‘नन ऑफ द बॉइज हॅज कम’ आणि ‘नन ऑफ द बॉइज हॅव कम’. क्लासमधले सर सांगतात, नन म्हणजे नॉट वन, म्हणून एकवचन, पुढे चला. हा समज चुकीचा आहे, असे फाउलर यांनी आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात 1926मध्येच लिहून ठेवले. फाउलर वाचलेला उमेदवार अशा ठिकाणी दोन्ही वाक्यांकडे बघत बसतो आणि घड्याळ पुढे सरकते. न वाचलेला ‘हॅज’वर खूण करून कधीच पुढच्या रोग्यापाशी पोहोचलेला असतो. शंका आली म्हणून सोडून द्यावे तर गुण नाहीत; धाडस करावे तर राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत चुकीमागे पाव प्रश्नाचे गुण कापले जातात.

राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपुरता तरी आयोगाने 2025पासून वर्णनात्मक उत्तरांचा मार्ग धरला आहे. हा बदल लांबवा म्हणून 2023च्या आरंभी पुण्याच्या अलका चौकात मुले रस्त्यावर बसली होती. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. 2012पासून त्यांना गोल काळे करायला आपणच शिकवले. निबंध लिहा असे वर्षभरात फर्मावल्यावर ती गोंधळणारच. बाकीच्या बऱ्याच भरत्यांत खूण करण्याचाच कारभार चालू आहे.

राहता राहिली हरकत. आयोगाची पहिली उत्तरतालिका लागते, हरकती मागवतात, मग अंतिम तालिका येते. पहिलीत बरोबर असलेले वाक्य अंतिम तालिकेत चूक ठरू शकते, किंवा क्रमांकाच्या जागी रद्द झाल्याची खूण उमटते. मधल्या दिवसांत इंग्रजी भाषेत काहीही घडलेले नसते. हरकतीला आधार म्हणून पुस्तकाचे पान लागते. लंडनमधले लोक कसे बोलतात हे तिथे चालत नाही. मग उमेदवार अप्पा बळवंत चौकात जातो, प्रश्न ज्या गाइडातून निघाला असावा त्याच गाइडाची जरा जुनी आवृत्ती शोधतो आणि तिचे पान जोडतो.