पाखराच्या नावावर आमचे दावे अडवू नका

साथींनो,

वनहक्काच्या दाव्यांसाठी ग्रामसभा बसली की हल्ली एक बोलणं हमखास कानावर येतं. "तुमचं गाव अभयारण्यात आहे. इथं हा कायदा लागू नाही. इथं दुर्मिळ पक्षी आहेत, प्राणी आहेत, त्यांना त्रास होतो." घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई, कोथळे, कुठल्याही गावात जा, म्हातारी माणसं हे ऐकून गप बसतात. कायद्याचं माहीत नसतं, आणि पाखराला त्रास द्यायचा कुणाच्या मनातही नसतं. म्हणून या अंकात एका पाखराचीच गोष्ट सांगतो. त्याला नेमका कुणी त्रास दिला ते नीट बघू.

या पाखराला पुस्तकात निलगिरी रानपारवा म्हणतात. गावच्या पारव्यापेक्षा मोठा, डोकं राखाडी, पाठ तांबूस-जांभळी, मानेवर मागच्या बाजूला सोंगट्यांच्या पटासारखे काळे-पांढरे चौकडे. जगात तो फक्त सह्याद्रीत आणि त्याला लागून असलेल्या दक्षिणेतल्या डोंगरात राहतो. आपल्या हरिश्चंद्रगडावरून दक्षिणेला माळशेज, आहुपे, भीमाशंकर अशी एकच धार जाते. त्या भीमाशंकरच्या रानात तो आहे, महाबळेश्वरला आहे, तिथून खाली पार केरळ-तामिळनाडूपर्यंत आहे. उघड्या माळावर तो येत नाही. त्याला बारमाही हिरवं, दाट, सावलीचं रान लागतं, कारण त्याचं पोट रानफळांवर चालतं. फळ तो अख्खंच गिळतो आणि बी दुसरीकडं टाकतो, म्हणजे रान पेरायचं काम बिनपगारी करतो. काटक्यांचं विरळ घरटं करतो आणि त्यात बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. ज्याचं अंडंच एक, त्याचं रान एकदा मोडलं की संख्या परत भरून यायला किती वर्षं जातील याचा हिशेब तुम्हीच करा. धोक्यातल्या जीवांची जी जागतिक यादी निघते तिच्यात तो 'असुरक्षित' या वर्गात आहे. आज संपलेला नाही, पण वाट तीच आहे.

त्याचं इंग्रजी शास्त्रातलं नाव मात्र एका गव्हर्नरचं आहे. साईक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनमध्ये जमिनीची, पिकांची, माणसांची मोजदाद करत फिरत होता. त्यानंच १८३२ साली या पाखराची नोंद लंडनला छापली आणि मुंबईचा आधीचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचं नाव त्याला दिलं. त्याच काळात इंग्रजांनी आपल्या कोळी नाईकांचे गड राखण्याचे आणि वतनाचे हक्क बुडवले. रामजी भांगरे उठले, त्यांच्या मागं देवगावचे राघोजी भांगरे उठले, आणि राघोजींना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पाखराला साहेबाचं नाव मिळालं आणि पाखराच्या रानातल्या माणसाला 'बंडखोर' नाव मिळालं. पुढं १८७८ च्या जंगल कायद्यानं रान सरकारचं झालं आणि आपण आपल्याच रानात चोर ठरलो.

आता रान कुणी मोडलं ते बघा. दक्षिणेत या पारव्याची घनदाट रानं चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी तोडली, धरणांखाली बुडवली. शिकारही झाली, बंदुकीची. आपल्या बाजूला ठेकेदारांच्या कोळशाच्या भट्ट्या पेटल्या आणि सह्याद्रीचं रान पोत्यांत भरून शहरांना गेलं. त्या भट्ट्यांचे ठेके कुठल्या ठाकराच्या नावावर होते? मग रान उजाड झालं म्हणून झाडं लावायचा कार्यक्रम आला. लावलं काय, तर निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प. पक्ष्याचं नाव निलगिरी आहे म्हणून निलगिरीच्या झाडावर त्याचं पोट भरत नाही, एवढं तरी शिकलेल्या माणसाला कळायला पाहिजे.

आपल्या तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. चांगली जमीन बुडाली आपली, पाणी गेलं खाली उसाला. अभयारण्य झालं १९८६ साली, ३६१ चौरस किलोमीटरचं. त्यानंतर त्याच डोंगरात घाटघरचा वीजप्रकल्प उभा राहिला, २५० मेगावॉटचा. धरणं झाली, डोंगराच्या पोटात बोगदे झाले, सुरुंग उडाले. तेव्हा पाखरांना त्रास झाला नाही वाटतं! शनिवार-रविवारी गाड्या येतात, थर्टी फर्स्टला रात्रभर स्पीकर वाजतो, बाटल्या फुटतात. त्यांना कुणी दाव्याचा पुरावा मागत नाही. मोळी घेऊन येणाऱ्या बाईचा कोयता मात्र जप्त होतो.

नुसतं अभयारण्य लिहून पाखरू वाचत नाही, याचा दाखला आपल्याच नगर जिल्ह्यात आहे. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर जिल्ह्याबरोबर आपल्याकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा हे तालुके त्यात ओढले, एकूण ८,४९६ चौरस किलोमीटर. शेतकऱ्यांच्या जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोक कावले. आणि माळढोक? तो कमी कमीच होत गेला. गवताळ माळ नांगराखाली गेले, कॅनॉल आला, ऊस आला, तारा आल्या, आणि हे सगळं नकाशावर अभयारण्य असतानाच झालं. लोकांना पाखराचा राग मात्र यायला लागला. आपल्याकडं तेच करायचं आहे का?

आणि शहाद्याजवळचं रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. हे घुबड शंभरावर वर्षं कुणा शास्त्रज्ञाला दिसलं नव्हतं, संपलं असंच धरून चालले होते. १९९७ साली सापडलं ते सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, आदिवासी राहतात तिथं. माणसं राहतात म्हणून ते रान पुस्तकातून पुसून टाकलं असतं तर पाखरूही गेलं असतं.

आता कायदा. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यात लागू नाही हे साफ खोटं आहे. कायद्याच्या कलम २ मध्ये 'वनजमीन' म्हणजे काय ते लिहिलंय आणि त्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान ही नावं घालून दिली आहेत. कलम ४(५) म्हणतं, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. वन्यजीवांसाठी एखादी जागा खरोखर मोकळी करायचीच असेल तर कलम ४(२) आहे. पण आधी हक्क मान्य करायला पाहिजेत, माणसांमुळं भरून न येणारं नुकसान होतंय हे दाखवायला पाहिजे, एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग नाही हे ठरायला पाहिजे, आणि ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे. शिवाय मोकळी केलेली ती जागा नंतर दुसऱ्या कामाला देता येत नाही. म्हंजे पाखरासाठी आम्हाला काढायचं आणि मागून रिसॉर्ट आणायचं, हे चालणार नाही. कलम ५ तर वन्यजीव आणि रान राखायचा अधिकारच ग्रामसभेला देतं. साहेब कायदा सांगायला आले की आधी हे कलम मोठ्यानं वाचायला लावा.

पण साथींनो, अधिकार घ्यायचा तर कामही आपल्यालाच करावं लागेल. देवराया आपल्या वाडवडिलांनी राखल्या. कुऱ्हाड लावली नाही, म्हणून तिथं आजही जांभूळ, उंबर, हिरडा जुन्या खोडाचे उभे आहेत. वाघबारशीला वाघदेवाला निवद दाखवणारी आपली माणसं. पण देवराईच्या बाहेर काय चाललंय? राबासाठी माघ-फाल्गुनात टहाळ तोडतो तेव्हा काही जण फळाचं झाडही शेंड्यापर्यंत बोडकं करतात. फाल्गुन-चैत्रापासून आषाढापर्यंत रानपारव्याचा घरट्याचा काळ असतो, बाकीच्या किती तरी पाखरांचाही तोच. पोरांच्या गळ्यात गलोल असतेच. भट्टीवाल्या ठेकेदाराशी याची तुलना कुणी करू नये, पण ग्रामसभेला हे थांबवता येतं आणि थांबवलं पाहिजे. उंबर, जांभूळ, वड, पायर राबाला तोडायचे नाहीत, एवढा एक ठराव केला तरी पुष्कळ झालं. ठराव वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या. उद्या कुणी म्हणालं की यांना रानाचं काय पडलंय, तर वही पुढं करा.

दावे भरताना नुसत्या कसणुकीच्या जमिनीवर थांबू नका. सामूहिक हक्काचा 'नमुना ब' भरा. त्यात हिरडा, मध, करवंद, चराईच्या जागा, पाणवठे, देवराई सगळं घाला. दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब हा नियम १३ प्रमाणे पुरावा आहे, म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच बसवा आणि लिहून घ्या. एकाहून जास्त पुरावे लागतात, तेव्हा जबाबाबरोबर जुनी बांधबंदिस्ती, विहीर, दंडाची पावती, जे असेल ते जोडा. हो, दंडाची पावतीसुद्धा. चोर ठरवून फाडलेली ती पावतीच आपण तिथं होतो हे सांगते.

ग्रामसभा पाड्याची घ्या, निदान निम्मी माणसं हजर पाहिजेत, बायांना मागं बसवू नका. नकाशा काढाल तेव्हा देवराईच्या हद्दी आणि फळाची मोठी झाडं त्यावर दाखवा. कुठल्या ओहळात कुठलं पाखरू दिसतं ते गुराख्यांना विचारून त्यांच्याच शब्दात लिहा. पाखरांची नावं आपल्या बोलीतली चालतील.