सरासरीने शाळा कळत नाही

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आकड्यांशी रोजचा संबंध, म्हणूनच नुसत्या सरासरीवर माझा भरवसा नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हॅमट्रॅमिक घ्या. डेट्रॉइटने वेढलेलं, २०२० च्या जनगणनेत जेमतेम २८ हजार वस्तीचं शहर. एकेकाळी पोलिश कामगारांचं. आज तिथे येमेनी, बांगलादेशी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. सरकारी शाळांतली अनेक मुलं घरी अरबी किंवा बंगाली बोलतात आणि वाचनाची परीक्षा इंग्रजीत देतात. गुण कमी दिसले की शाळेवर शिक्का बसतो. मूल वर्षभरात किती पुढे गेलं, हे सरासरी सांगत नाही.

१९९४ पासून तिथे निधी मुख्यतः पटसंख्येवर ठरतो. शिक्का पाहून वीस मुलं गेली, तर त्यांचे पैसेही जातात. इमारतीचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

आपल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू-मराठी शाळांतही शिक्षकांची पदं पटावरच मंजूर होतात. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आहेत. शाळेचा विकास आराखडा हीच समिती बनवते. मोहल्ल्यातल्या शाळेला नावं ठेवण्याआधी तो आराखडा मागा, वाचा आणि समितीतल्या पालकांना समजावून सांगा. शिकलेल्या पोरांकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.