परवडत नाही, पण कुणाला?

‘मोठे सौरप्रकल्प गरीब देशाला परवडत नाहीत’ हे आपण किती वर्षं ऐकतोय! झांबियाकडे पाहा. तिथली ८० टक्क्यांहून अधिक वीज पाण्यावर अवलंबून होती. २०२४ च्या दुष्काळात झांबेझीवरच्या करीबा धरणाचं पाणी तळाला गेलं आणि देश अंधारात. पिठाच्या गिरण्या थांबल्या, स्वयंपाक पुन्हा लाकडी कोळशावर आला. ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं, हे सांगायला हवं का?

सौरवीज महाग म्हणावी, तर २०१६ मध्येच तिथल्या लिलावात युनिटला ६.०२ अमेरिकन सेंट दर आला होता. ‘सूर्य मावळल्यावर काय?’ उत्तर धरणातच आहे. दिवसा ऊन वापरा, पाणी रात्रीसाठी राखा.

जलविद्युत स्वस्त दिसते ती अर्धाच हिशेब मांडल्यामुळे. १९५० च्या दशकात करीबासाठी सुमारे ५७,००० टोंगा माणसं उठवली. नदीकाठच्या मळ्यांवर तिथल्या स्त्रियांचेही हक्क होते. नव्या जागी रान तोडलं पुरुषांनी, जमीनही त्यांचीच झाली. हे नुकसान कुठल्या खात्यात लिहिलं?

मैत्रिणींनो, सौर म्हणून सारं माफ नाही. त्यालाही जमीन लागते. ती कुणाच्या चराईची, कुणाच्या सरपणाची, हे प्रकल्पाच्या अहवालात आधी यायला हवं. बाईचे श्रम आणि बाईची जमीन फुकट धरून दाखवलेला नफा हा नफा नव्हे, ती चोरी आहे.