बूट घातलेला सामुराई

मित्रमैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं, पण मजकूर मात्र रुसलेला. झालं असं, की मे महिन्याच्या सुटीत तिनं आजोबांच्या कपाटातली रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचून काढली. एकदा नाही, दोनदा! शाळा सुरू झाली, चाचणी परीक्षा आली आणि इतिहासाच्या पेपरात नेमका माधवराव पेशव्यांवरच प्रश्न आला. आमची मैत्रीण खूश. तिनं माधवराव आणि राघोबादादा यांच्यातलं बोलणं आठवेल तसं लिहून काढलं. पान भरलं, वर एक पुरवणीही लागली.

पेपर हातात आला तेव्हा पाचपैकी दोन गुण, आणि शेजारी लाल शाईत बाईंचा शेरा : ‘हे बोलणं कोणी ऐकलं?’

घरी बाबा म्हणाले, “तरी सांगत होतो, कादंबऱ्या कमी वाच, धडा पाठ कर.” पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, “काका, थेऊरचं प्रकरण वाचताना मी खूप रडले. मग ते रडणं फुकटच गेलं का?”

प्रश्न मोठा आहे बरं का! उत्तरासाठी आपल्याला जरा लांब जावं लागेल. थेट जपानला. का, ते सांगतो.

‘स्वामी’ प्रसिद्ध झाली १९६२ साली. त्याच वर्षी जून महिन्यात जपानमधल्या ‘सांकेई शिंबुन’ या वर्तमानपत्रात एक ऐतिहासिक कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात झाली. नाव ‘ऱ्योमा गा युकु’, म्हणजे ‘ऱ्योमा निघाला’. लेखक शिबा ऱ्योतारो. कादंबरी थोडीथोडकी नाही, तब्बल १९६६ सालापर्यंत चालली! लोक संध्याकाळचा अंक उघडायचे आणि आधी ऱ्योमाचं काय झालं ते पाहायचे. पुढे तिची पुस्तकं निघाली, १९६८ मध्ये दूरदर्शन-मालिका झाली, आणि लाखो घरांत ती पोचली.

आता हा ऱ्योमा कोण?

साकामोतो ऱ्योमा हा खराखुरा माणूस. जन्म १८३६ चा, तोसा प्रांतातल्या कोची गावचा. (आपल्या केरळातलं कोची वेगळं हं!) घराणं सामुराईंचं, पण खालच्या दर्जाचं. तोसामध्ये वरचे सामुराई आणि खालचे सामुराई यांच्यात फार मोठी दरी होती. लहानपणी ऱ्योमा रडूबाई होता, अभ्यासात मागे होता आणि थोरली बहीण ओतोमे हिनं त्याला घडवलं, असं सांगतात.

१८५३ साली अमेरिकेची काळी लढाऊ जहाजं जपानच्या किनाऱ्यावर आली. दोनशेहून अधिक वर्षं बाहेरच्या जगाला जवळजवळ बंद असलेला देश हादरला. ऱ्योमा तेव्हा तलवारबाजी शिकायला एदोला, म्हणजे आजच्या तोकियोला गेला होता. पुढे १८६२ मध्ये त्यानं परवानगीवाचून आपला प्रांत सोडला. आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण त्या काळी हा गंभीर गुन्हा होता. घरदार, मानमरातब, सगळं मागे टाकून निघायचं!

तो जहाजं चालवायला शिकला. नागासाकीला सोबती जमवून व्यापार करणारी मंडळी उभी केली. पुढे तिचं नाव झालं ‘काइएनताई’. एकमेकांचं तोंड न पाहणारे सात्सुमा आणि चोशू हे दोन बलाढ्य प्रांत १८६६ साली एक झाले, त्यात ऱ्योमानं मध्यस्थी केली. त्याचा एक फोटो फार प्रसिद्ध आहे. अंगात सामुराईचा वेश, हात अंगरख्यात खुपसलेला आणि पायात चक्क विलायती बूट! १८६७ च्या डिसेंबरात क्योतोमध्ये मारेकऱ्यांनी त्याला गाठलं. वय अवघं एकतीस. त्यानंतर महिन्याभरातच जुनी राजवट कोसळली आणि नवा जपान सुरू झाला. तो पाहायला ऱ्योमा नव्हता.

शिबांनी हीच गोष्ट सांगितली. पण त्यांच्या कादंबरीतला ऱ्योमा हसतो, चुकतो, गबाळा राहतो, बहिणीला घाबरतो आणि तरी मोठी स्वप्नं पाहतो. वाचणाऱ्या मुलाला वाटतं, अरे, हा तर माझ्यासारखाच आहे!

असं वाटलेला एक मुलगा तुम्हांला माहीत असेल. निदान त्याची कंपनी तरी. मासायोशी सोन हे त्याचं नाव. जन्म १९५७ चा. त्याचं कुटुंब मूळचं कोरियाचं. जपानमध्ये अशा घरांकडे तेव्हा हिणकस नजरेनं पाहिलं जाई. साधारण पंधराव्या वर्षी त्यानं ‘ऱ्योमा गा युकु’ वाचली. परवानगी नसताना प्रांत सोडून निघालेला ऱ्योमा त्याच्या मनात घर करून बसला. वडील आजारी, घरच्यांचा आणि नातेवाइकांचा विरोध. तरी १९७४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो शिकायला अमेरिकेला निघाला. पुढे १९८१ मध्ये त्यानं सॉफ्टबँक ही कंपनी काढली. मोबाइलवरून गाडी बोलावणाऱ्या आपल्याकडच्या ‘ओला’तही या सॉफ्टबँकेनं पैसा गुंतवला होता. आणि गंमत पाहा. सॉफ्टबँकेच्या बोधचिन्हात ज्या दोन आडव्या रेघा आहेत, त्या ऱ्योमाच्या काइएनताईच्या निशाणावरून घेतलेल्या आहेत! एका कादंबरीची खूण आज इमारतींवर झळकते.

(आईबाबांनो, घाबरू नका. शाळा सोडून पळा, असं मी मुलांना सांगत नाहीये. सोन यांनी अमेरिकेत शिक्षण पुरं केलं, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठाची पदवी घेतली, आणि मगच ते परतले.)

आता लेखकाकडे वळू. शिबा ऱ्योतारो हे टोपणनाव. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिमा छ्येन नावाचा थोर इतिहासकार होऊन गेला. ‘सिमा’ ज्या अक्षरांनी लिहितात तीच अक्षरं जपानी लोक ‘शिबा’ अशी वाचतात. ‘त्या सिमांच्या पासंगालाही न पुरणारा’, अशा अर्थाचं हे नाव त्यांनी मुद्दाम घेतलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांना शिक्षण अर्धवट टाकून रणगाड्यांच्या पलटणीत जावं लागलं. १९४५ मध्ये जपान हरला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांना प्रश्न पडला, आपला देश इतका अविचारी कसा झाला? तो पूर्वीही असाच होता का? उत्तर शोधायला ते जुन्या काळात शिरले. ते म्हणत, माझ्या कादंबऱ्या म्हणजे त्या बावीस वर्षांच्या मला लिहिलेली पत्रं आहेत. म्हणजे बघा, कादंबरीनं वाचणाऱ्याच्या आधी लिहिणाऱ्याचंच आयुष्य घडवलं.

इथवर सगळं छान. पण बाईंचा तो लाल शेरा आठवतोय ना? ‘हे बोलणं कोणी ऐकलं?’ हाच प्रश्न जपानमध्येही विचारला गेला.

ऱ्योमानं जहाजावर बसून नव्या जपानसाठी आठ कलमांची योजना सांगितली, हा त्याच्या चरित्रातला गाजलेला प्रसंग. पण त्या कलमांचा मूळ कागद आजवर मिळालेला नाही, आणि ती नंतर कोणीतरी रचली असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. ऱ्योमा कात्सू काइशू या अधिकाऱ्याला मारायला गेला आणि त्याचाच शिष्य होऊन परतला, ही गोष्ट तर अंगावर काटा आणते. पण ती पुढे कात्सूंनीच सांगितलेली आहे, आणि तिच्यावरही शंका घेतली जाते.

२०१७ मध्ये तर कहरच झाला. शाळा-महाविद्यालयांतल्या इतिहास शिक्षकांच्या एका अभ्यासगटानं सुचवलं, की पाठ्यपुस्तकांत पाठ करायची नावं फार झाली आहेत, ती निम्म्यावर आणावीत. गाळायच्या नावांत चक्क साकामोतो ऱ्योमा! देशभर गदारोळ उडाला. ज्याच्या नावानं कोचीच्या विमानतळाचं २००३ मध्ये बारसं झालं, त्याला पुस्तकातून काढायचं? शिक्षकांचं म्हणणं होतं, की कथा-कादंबऱ्यांत एखादा माणूस मोठा झाला म्हणून इतिहास शिकताना त्याचं नाव घोकलंच पाहिजे असं नाही. वाचक म्हणत होते, हा आमचा माणूस आहे. आहे की नाही पेच?

आणखी एक गोष्ट सांगतो, जरा गंभीर. शिबांच्या कादंबऱ्यांत १८६८ नंतरचा नवा जपान मोठा उमदा, उजळ दिसतो. टीकाकार म्हणतात, त्या उजेडात कोरियातल्या माणसांचं दुःख फारसं दिसत नाही. जपाननं १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला होता. कादंबरीचा दिवा नायकाच्या तोंडावर धरलेला असतो. दिव्यामागे कोण उभं आहे, ते आपल्याला शोधावं लागतं. आणि पाहा, कोरियन घरातल्या एका मुलाला धीर मिळाला तो शिबांच्याच नायकाकडून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

खरं तर शिबांनी वाचकाला आधीच एक खूण करून ठेवली होती, असं अनेकांना वाटतं. ‘ऱ्योमा’तलं ‘ऱ्यो’ म्हणजे ड्रॅगन. हे अक्षर जुन्या अवघड वळणानं लिहिता येतं आणि सोप्या वळणानंही. खऱ्या ऱ्योमाचं नाव अवघड अक्षरात लिहितात. शिबांनी कादंबरीच्या नावात सोपं अक्षर वापरलं. जणू सांगितलं, हा माझा ऱ्योमा आहे, त्याचा सख्खा भाऊ समजा हवं तर.

मग खऱ्या ऱ्योमाला कुठे भेटायचं? त्याच्या पत्रांत! ओतोमेताईला त्यानं लिहिलेली पत्रं आजही आहेत. १८६३ च्या एका पत्रात तो म्हणतो, की मला जपानची एकदा स्वच्छ धुलाई करायची आहे. आणि सात्सुमा-चोशूच्या मैत्रीची कलमं लिहिलेलं एक पत्र जपून ठेवलेलं आहे. चोशूच्या प्रतिनिधीनं ते ऱ्योमाला पाठवलं होतं, ‘हे असंच ठरलं ना?’ म्हणून. त्या पत्राच्या पाठीमागे ऱ्योमानं स्वतः साक्ष लिहून दिली, आणि ती लाल शाईत! कादंबरी वाचून भारावलेला वाचक कोचीच्या संग्रहालयात ऱ्योमाची पत्रं पाहायला जातो, तेव्हा कादंबरीनं आपलं काम चोख केलेलं असतं.

तर आता, माझ्या रुसलेल्या मैत्रिणी, तुझ्याकडे येतो.

तुझे दोन गुण योग्यच आहेत बरं का. बाईंवर रागावू नकोस. माधवराव सोळाव्या वर्षी, पानिपतानंतरच्या पडझडीत पेशवे झाले, त्यांनी राज्याची घडी पुन्हा बसवली, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयानं त्यांचा मृत्यू झाला, हा इतिहास. काकापुतण्यांचं भांडण, हाही इतिहास. पण बंद दाराआड ते नेमक्या कोणत्या शब्दांत भांडले, ते कादंबरीकारानं कल्पनेनं लिहिलं. पेपरात पहिलं लिहायचं असतं.

पण तुझं रडणं? ते मुळीच फुकट गेलं नाही. ‘मृत्यू १७७२’ एवढं वाचून कोणी रडत नाही. सत्तावीस वर्षांचा एक माणूस, डोक्यावर एवढं ओझं घेऊन, देहानं खचत होता, हे तुला कळलं ते कादंबरीमुळे. आता एक पाऊल पुढे टाक. थेऊर पुण्याहून काही फार लांब नाही, बाबांना घेऊन जा. मोठ्या ग्रंथालयात गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड असतात, त्यांतला एखादा उघडून पाहा. मोडीतून उतरवलेली त्या काळची खरी पत्रं आहेत त्यात. सगळं कळणार नाही, पण एखादी ओळ कळली तरी अंगावर रोमांच उभे राहतील.

बाकीच्यांनी करून पाहायची गंमत : आवडत्या ऐतिहासिक कादंबरीतला एक प्रसंग घ्या. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘हे कागदपत्रांत सापडेल’, उजवीकडे ‘हे लेखकानं कल्पिलं असेल’. दोन्ही बाजू भरा. आणि खाली एक ओळ जास्तीची : ‘या प्रसंगात कोण बोललेलंच नाही?’ आईबाबांनाही सोबत घ्या. वाद झाला तर होऊ द्या!

जाता जाता एक. १९८९ मध्ये शिबांनी जपानमधल्या शाळकरी मुलांच्या पाठ्यपुस्तकासाठी एक लेख लिहिला, एकविसाव्या शतकात जगणाऱ्या मुलांना उद्देशून. त्यात ते म्हणतात, की मी काही ते शतक पाहू शकणार नाही. आणि खरंच, १९९६ मध्ये ते गेले. त्या लेखात ना लढाया, ना तलवारी. ते सांगतात, दुसऱ्याचं दुःख कळणं उपजत नसतं, त्याचा सराव करावा लागतो. मित्र पडला, तर ‘त्याला किती लागलं असेल’ असं दर वेळी मनात आणायचं. जन्मभर इतिहासात रमलेल्या माणसानं मुलांना द्यायला हेच निवडलं.

थेऊरच्या प्रकरणाशी तू रडलीस ना? तो तोच सराव होता.

पुढच्या आठवड्यात भेटूच. वहीतलं पान मला जरूर पाठवा.

तुमचा,
काका