बंद घराचा डोळा

रायगड जिल्ह्याचा किनारा मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांनी झाकलेला आहे. या वाड्यांच्या सावलीत जी कौलारू घरे उभी आहेत, त्यांपैकी कितीतरी घरांची दारे गणेशोत्सवात व शिमग्याला उघडतात, मे महिन्यात चार दिवस मुलांच्या कोलाहलाने ती घरे भरून जातात आणि एरव्ही त्यांच्या कड्यांना कुलूप लोंबत असते. कर्ती माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस वा ठाण्यास गेलेली असतात. मागे कोणी राहिलेच तर थकलेले आईवडील. अशा घराची राखण कोणी करायची, हा प्रश्न आजचा नव्हे. पूर्वी ती शेजारी करीत. गडग्यापलीकडून रोज एकदा नजर टाकणे, पडलेले नारळ गोळा करून ठेवणे, अनोळखी माणूस दिसताच ‘कोण पाहिजे?’ म्हणून हटकणे, ही कामे कोणी न सांगता होत. त्याशिवाय प्रत्येक वाडीला एक अदृश्य राखणदार असतो, अशी कोकणी माणसाची श्रद्धा आहे आणि त्याला वर्षाकाठी नारळ दिला जातो. अलीकडे या जुन्या राखणदाराच्या जोडीला नवा राखणदार आला आहे. तो ओटीच्या वाशाला किंवा फाटकाच्या खांबाला बसविलेला असतो, रात्रंदिवस डोळा मिटत नाही आणि त्याला नारळाची अपेक्षा नसते. त्याला सीसीटीव्ही कॅमेरा म्हणतात.

हा कॅमेरा लावला की घर सुरक्षित झाले, ही समजूत जितकी पसरली आहे तितकीच ती घातक आहे. वस्तुतः कॅमेरा राखण करीत नाही. तो केवळ पाहतो, आणि माजघरात ठेवलेला रेकॉर्डर त्याने पाहिलेले लिहून ठेवतो. ते लिहिलेले कोणी वाचणार नसेल, किंवा ते लिहिले जाते की नाही हेच कोणी तपासणार नसेल, तर त्या कॅमेऱ्याची योग्यता शेतातल्या बुजगावण्याहून अधिक नाही. किंबहुना बुजगावणे बरे. ते पाखरांना फसवते. बंद पडलेला कॅमेरा घरधन्यालाच फसवतो.

याचा अर्थ कॅमेरे निरुपयोगी आहेत असा कोणी घेऊ नये. दिवेआगर येथे १९९७ साली एका बागेत जमीन खणताना गणेशाचा सुवर्ण मुखवटा सापडला आणि ते लहानसे गाव महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी मंदिरातील तो मुखवटा पळविला. त्या वेळी राखणीवर असलेल्या दोघा रक्षकांना प्राण गमवावे लागले. हातात काठी देऊन एखाद्या गरीब माणसाला रात्रभर दाराशी बसविणे म्हणजे त्याचा जीव पणाला लावणे होय, हे त्या रात्रीने दाखवून दिले. जे पाहण्याचे काम यंत्र करू शकते, ते यंत्रानेच करावे. परंतु यंत्राला पाहण्याचे काम दिले म्हणजे माणसाचे काम संपले असे होत नाही. ते बदलते, एवढेच.

नोंद ठेवणाऱ्या यंत्राची निगा कशी राखावी, याचा धडा अलिबागकरांना फार दूर शोधावा लागत नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेमुळे नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ साली ते काम अलिबागला नेण्यात आले. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले गेले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी एक दूरदृष्टी दाखविली. नव्या जागेचे काम सुरू होताच जुने बंद न करता १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून जुनी मालिका नवीला जोडता आली. शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या त्या नोंदींना जगात जो मान आहे, तो केवळ यंत्रांच्या किमतीमुळे नाही. जागा विचारपूर्वक निवडली, काळ अचूक मोजला आणि खंड पडू दिला नाही, म्हणून तो आहे. घरच्या कॅमेऱ्याला हीच तीन पथ्ये लागू आहेत आणि बहुतेक घरांत या तिन्हींकडे दुर्लक्ष होते.

आधी खंड न पडण्याचे पाहू. रेकॉर्डरच्या पोटात एक डिस्क असते. ती भरली म्हणजे यंत्र थांबत नाही. सर्वांत जुने चित्रण पुसून त्याजागी नवे लिहू लागते. एका कॅमेऱ्याचे चित्रण दर सेकंदाला दोन मेगाबिट, म्हणजे पाव मेगाबाइट, या वेगाने साठत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत २१,६०० मेगाबाइट जागा लागते. घराला चार कॅमेरे असतील तर रोज सुमारे ८६ गिगाबाइट. डिस्क १,००० गिगाबाइटची असेल तर ती साडेअकरा दिवसांत भरते. अनंतचतुर्दशीनंतर मुंबईस परतलेले कुटुंब दीड महिन्याने दिवाळीस घरी आले आणि मागील दार फोडलेले दिसले, तर चोरी कदाचित पहिल्याच आठवड्यात झालेली असते आणि चोराचा चेहरा केव्हाच पुसला गेलेला असतो. यंत्र निर्दोष, चित्र स्पष्ट, आणि तरीही हाती काही नाही! विकणाऱ्याने कॅमेऱ्यांची संख्या सांगितलेली असते. दिवसांचा हिशेब घरधन्याने विचारलेला नसतो. इयत्ता सातवीतील मुलगा जो गुणाकार सहज करू शकेल, तो न केल्यामुळे हजारो रुपये वाया जातात.

यावर एक तोड सांगितली जाते. काही हालचाल झाली तरच चित्रण करावे, अशी सूचना रेकॉर्डरला देता येते. शहरातल्या जिन्यात ही युक्ती चांगली चालते. समुद्रकाठच्या वाडीत मात्र माडाच्या झावळ्या वाऱ्याने अष्टौप्रहर डोलत असतात आणि यंत्राला झावळी व चोर यांतला भेद कळत नाही. म्हणून चित्रातील कोणत्या भागातील हालचाल मोजावी, ते आखून द्यावे लागते. फाटक, ओटी आणि मागील दार तेवढे घ्यावे. माडांचे शेंडे वगळावेत. हे काम बसविणारा कारागीर घाईत टाळतो. जो घरधनी ते त्याच्याकडून करवून घेतो, त्याची डिस्क कितीतरी अधिक दिवस पुरते.

काळाची गोष्टही अशीच. रेकॉर्डरच्या आत घड्याळ असते आणि ते चालू ठेवण्यासाठी नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली आणि वीज गेली, की वीज परत आल्यावर यंत्र भलत्याच वर्षाची तारीख दाखवू लागते. चित्रण चालूच राहते, पण त्यावरील तारीख खोटी असते. अशा नोंदीला पुराव्यात काय किंमत राहणार? २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील एक उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा वाद न्यायालयात गेला. तेथे निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुढे आले. त्या प्रकरणी १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की मूळ यंत्र हजर न करता केवळ नक्कल दिली, तर तिच्यासोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही अशा प्रमाणपत्राची तरतूद आहे. तात्पर्य, चोरी झाल्यावर भ्रमणध्वनीवर चित्राचे छायाचित्र काढून समाधान मानणे पुरेसे नाही. रेकॉर्डर जागेवर राहू द्यावा, त्याच्याशी खेळू नये आणि पोलिसांना तो दाखवावा.

जागेच्या निवडीत तर समुद्रच मुख्य शिक्षक आहे. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने समुद्राकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात सायंकाळी सूर्य थेट उतरतो. मागचे आकाश लखलखते आणि फाटकाशी उभा असलेला माणूस काळी सावली होऊन राहतो. खारा वारा धातूचे जोड कुरतडतो. कॅमेऱ्यावर ‘आयपी ६६’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ धूळ आणि जोराची पाण्याची धार आत शिरत नाही, एवढाच. मिठाविषयी ती अक्षरे काहीच बोलत नाहीत. म्हणून वायरींचे जोड उघड्यावर न ठेवता बंद पेटीत ठेवावेत आणि वायर पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकून जाते. जुन्या सुताराने पागोळ्यांचा जो विचार केला होता, तोच हा विचार. रात्री कॅमेऱ्याभोवती अदृश्य अवरक्त दिवे लागतात. त्यांच्या आसपास कीटक जमतात आणि कीटकांमागून कोळी येतो. त्याचे जाळे भिंगासमोर आले, की त्या उजेडात चित्र पांढरे धोट दिसते. अनेकांना वाटते कॅमेरा बिघडला. वास्तविक कुंच्याचा एक फटकारा पुरे असतो.

खरोखर बिघाड झालाच तर तो शोधण्याची एक शिस्त आहे आणि ती शाळेतील प्रयोगशाळेत शिकविलेल्या शिस्तीहून वेगळी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सर्वच चित्रे गेली असतील तर दोष विजेच्या पुरवठ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये शोधावा. एकच चित्र गेले असेल तर तो कॅमेरा उतरवून चांगल्या चालणाऱ्या वायरीला जोडून पाहावा. चित्र आले तर कॅमेरा निर्दोष आहे, दोष त्याच्या वायरीत किंवा जोडात आहे. आणखी एक चमत्कारिक तक्रार नेहमी ऐकू येते: कॅमेरा दिवसा उत्तम चालतो, रात्र पडली की बंद होतो. याला भुताटकी म्हणणारेही भेटतात! कारण साधे आहे. रात्री अवरक्त दिवे लागल्याने कॅमेऱ्याला अधिक वीज हवी असते. वायर लांब आणि बारीक असेल तर वाटेतच दाब घटतो आणि कॅमेरा मान टाकतो. जाड वायर घातली की भूत पळते. सर्वांत फसवा दोष मात्र डिस्कचा. डिस्क मेली तरी पडद्यावर चालू चित्र दिसतच राहते आणि घरधनी निर्धास्त असतो. त्यामुळे चित्र दिसते की नाही यापेक्षा कालचे चित्र पुन्हा पाहता येते की नाही, हे आठवड्यातून एकदा पाहिले पाहिजे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. माड व पोफळी भुईसपाट झाल्या, विजेचे खांब मोडून पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. इन्व्हर्टरने तास-दोन तास निभावतात. आठवडे निभावत नाहीत. त्या दिवसांत ज्या बंद घरांची कौले उडाली, त्यांच्या मालकांना ती बातमी पोहोचविणे कोणत्याही कॅमेऱ्याला शक्य नव्हते. ते काम शेजाऱ्यांचेच होते.

कुलपाविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. काही रेकॉर्डर कारखान्यातून येतात तेव्हा त्यांना सर्वांना ठाऊक असलेला पासवर्ड असतो आणि तो तसाच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली त्यातच ठेवण्यासारखे आहे. २०१६ साली अशाच न बदललेल्या पासवर्डांचा फायदा घेऊन ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर आपल्या ताब्यात घेतले आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी हल्ला करून अमेरिकेतील अनेकांना मोठमोठी संकेतस्थळे काही तास अप्राप्य केली. आपल्या अंगणातला कॅमेरा परमुलखात दरोडा घालीत आहे, हे त्यांच्या मालकांच्या गावीही नव्हते.

घराच्या दाराशी कॅमेरा लावण्याची कल्पना ज्या बाईंनी मांडली, त्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन न्यूयॉर्कमध्ये परिचारिका होत्या. कामाच्या वेळा अवेळी, वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस लवकर येत नसत. त्यांनी व त्यांच्या पतीने १९६६ साली अर्ज केला आणि १९६९ साली त्यांना एकस्व मिळाले. दारातील वरखाली असलेल्या छिद्रांतून सरकता कॅमेरा पाही, आतल्या पडद्यावर आलेला माणूस दिसे, त्याच्याशी बोलता येई आणि धोका वाटला तर कळ दाबून इशारा देता येई. त्या योजनेत पडद्यासमोर एक जागे माणूस गृहीत धरलेले होते. बंद घराच्या बाबतीत ते माणूस मुंबईत असते. फाटकाशी कोणी घुटमळताना भ्रमणध्वनीवर दिसले, तरी धावून जाणारा मात्र गडग्यापलीकडचाच असतो. कॅमेऱ्यावर पैसे खर्च करून ज्याने त्या शेजाऱ्याशी बोलणे सोडले, त्याने व्यवहार तोट्याचा केला.

दुर्दैवाने कॅमेऱ्यावरूनच शेजाऱ्यांत वितुष्ट येऊ लागले आहे. वाड्या एकमेकींना लागून, विहिरी व न्हाण्या उघड्यावर. उंच खांबावरचा कॅमेरा आपल्याबरोबर दुसऱ्याचेही अंगण पाहतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. परंतु जिथे पिढ्यान्पिढ्यांची सोयरीक आहे तिथे न्यायालयापर्यंत जाण्याची पाळीच का यावी? कॅमेरा बसविण्यापूर्वी शेजारच्या काकूंना बोलावून पडद्यावरचे चित्र दाखवावे आणि त्यांना जे नको असेल ते झाकून घ्यावे. चित्रातील ठराविक भागावर काळी पट्टी ओढण्याची सोय बहुतेक रेकॉर्डरांत असते. ती एकदा आखली, की विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका त्या चित्रात दिसत नाहीत. आणि फाटक दिसत राहते.