बाळाचे जुलाब : दोष दातांचा की हातांचा?

‘दात येताहेत ना, मग जुलाब व्हायचेच!’ तान्हं मूल असलेल्या घरात हे वाक्य शेजारणीपासून आजेसासूबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. पण मैत्रिणींनो, बिचाऱ्या दातांचा यात काही दोष नाही. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि जंतू पोटात जातात. वरचं अन्नही याच सुमारास सुरू होतं.

सकाळी केलेला मऊ भात दुपारपर्यंत तसाच राहिला, की त्यात ई. कोलायसारखे जंतू झपाट्याने वाढतात. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर कच्चं दूध, कच्ची अंडी, कोंबडी यांतून येतात. शिगेलामुळे शीतून आव-रक्त पडतं. त्याचे 10 ते 100 जंतूसुद्धा पुरे होतात. शी धुतलेला हात साबण न लावता वाटीला लागला तरी झालंच! म्हणून दुधाची बाटली नकोच, वाटी-चमचा बरा. सहा महिन्यांपर्यंत तर फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीही नको. विषाणूंमुळेही जुलाब होतात. त्यासाठी 6, 10 आणि 14 आठवड्यांचे रोटाव्हायरसचे डोस चुकवू नका.

जुलाब लागले की ‘पोटाला विश्रांती’ म्हणून दूध बंद करतात. ही चूक मात्र जिवावर बेतते! बाळ दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. 1971 साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती. सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा घातलेलं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

आज तेच ओ.आर.एस.चं पाकीट औषधाच्या दुकानात मिळतं. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात ते सबंध घाला. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू द्या. उरलेलं 24 तासांनी टाकून द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. डॉक्टर झिंक देतील, ते जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरं करा. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या किंवा घरातलं उरलेलं अँटिबायोटिक मुळीच देऊ नका.

टाळू खोल गेली, डोळे आत गेले, लघवी कमी झाली, शीत रक्त दिसलं, बाळ मलूल पडलं किंवा दूध ओढेना, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा. वाटेतही चमचा चालूच राहू दे.