सुटे आहेत का?

बसमध्ये कंडक्टर विचारतो, किराणा दुकानात काका विचारतात, ‘सुटे आहेत का?’ यूपीआय आल्यापासून हा प्रश्न जरा कमी झालाय. पण एक जागा अशी आहे, जिथे तो आता आपण विचारायला हवा. खेळण्यांच्या दुकानात.

मेन रोडच्या कुठल्याही दुकानात जा आणि ‘ब्लॉक्स दाखवा’ म्हणा. समोर खोके येतात. पोलिस स्टेशन, रेसिंग कार, डायनासोर, रॉकेट. वर चित्र, आत पुस्तिका आणि मोजून भरलेले तुकडे. साध्या ठोकळ्यांची मिक्स पिशवी किंवा बरणी हवी असेल, तर ती मुद्दाम मागावी लागते. भाच्याच्या नाहीतर पुतणीच्या वाढदिवसाला तुम्ही ब्लॉक्स घेणार असाल, तर माझं म्हणणं सरळ आहे. खोका राहू द्या, पिशवी घ्या.

आधी गणित बघू. ज्याच्यावर चार-चारच्या दोन ओळींत आठ गोल उंचवटे असतात, तो लेगोचा नेहमीचा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. एकाच रंगाचे असे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. आणि सहा? तब्बल ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५! हा हिशेब कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी कॉम्प्युटरवर मांडला. त्याआधी कंपनी स्वतः सुमारे १० कोटी २९ लाख हा आकडा सांगायची. कारण त्यात फक्त एकावर एक रचलेले सहा मजली मनोरेच मोजले होते. ठोकळे आडवेही पसरतात, हे गणतीत धरलंच नव्हतं! आता विचार करा, पिशवीत दोनशे ठोकळे असतील तर काय होईल.

हे जमतं ते एका साध्या युक्तीमुळे. डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या या कंपनीचे सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ होते. एकमेकांवर बसायचे, पण पकड कच्ची. १९५८ मध्ये ठोकळ्याच्या आत नळ्या घातल्या, आणि खालच्या ठोकळ्याचे उंचवटे त्या नळ्यांना घट्ट धरून बसू लागले. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर व्यवस्थित बसतो. मूळ पेटंटची मुदत तर केव्हाच संपली. म्हणून आज तशाच मापाचे ठोकळे अनेक कंपन्या करतात आणि पिशवीभर माल कमी पैशांत मिळू शकतो.

आता खोका आणि पिशवी यांतला फरक बघा. खोक्यातला एक तुकडा सोफ्याखाली गेला की कारला चाक नाही, सगळा मूड खराब. पिशवीतले पाच हरवले तरी कुणाला पत्ता लागत नाही. खोका एकाचा असतो. चार चुलत-मावस भावंडं जमली की ‘हात लावू नको, तुटेल’ सुरू. पिशवी जमिनीवर ओतली की चौघंही बसतात. खोक्यातली कार पूर्ण झाली की शोकेसमध्ये जाते, आणि तिच्याशी खेळायचं राहूनच जातं.

मुख्य म्हणजे, खोक्यात उत्तर आधीच छापलेलं असतं. आपण बरोबर केलं की चूक, हे चित्राशी ताडून बघायचं. दहावी-बारावीला अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून आलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. पिशवीला चित्रच नसतं. काय करायचं ते आधी ठरवावं लागतं आणि ते पडलं तर का पडलं, हेही आपणच शोधायचं.

हे आपल्याला नवीन आहे असंही नाही. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला केलाय ना? माती, दगड, विटांचे तुकडे, जुनं पोतं, वरून पेरलेलं अळीव. पुस्तिका कुणीच दिली नव्हती. आपल्या जिल्ह्यातला साल्हेर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तो अंगणात उभा करायचा तर माती कुठे ढासळते, उतार किती ठेवायचा, हे हात चिखलात घातल्यावरच कळतं. आता बाजारात रंगवलेले रेडीमेड किल्लेही मिळतात. आणला, ठेवला, फोटो काढला, झालं.

अरविंद गुप्ता यांचं उदाहरण तर आणखी भारी. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर. त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घरं उभी करून दाखवली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’त वर्षानुवर्षं मुलांसाठी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे पोराला काही पैशांच्या सामानात कळतं. तिथेही सूत्र तेच. सारखे तुकडे, एक भरवशाचा जोड आणि भरपूर माल.

मग सेट वाईटच का? नाही. आराखडा वाचणं, क्रम पाळणं, चिकाटीने शेवटपर्यंत जाणं हे सेटमधून येतं. चाक फिरतं कसं, दार उघडतं कसं, या युक्त्याही तिथेच कळतात. घरात सेट असेल तर एकदा पुस्तिकेप्रमाणे जरूर करा. मग मोडा आणि ते तुकडे पिशवीत टाका. मोडायची हिंमत मात्र हवी.

पिशवी घेतानाही डोळे उघडे ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. स्वस्त आहे म्हणून बिनमार्कची पिशवी उचलू नका. शक्य असेल तर दोन-चार ठोकळे जोडून बघा; पकड सैल असेल तर मुलं तासाभरात कंटाळतात. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना बारीक ठोकळे नकोच, ते तोंडात जातात. त्यांच्यासाठी मोठे ब्लॉक्स घ्या.

‘पण हे आम्हाला कशाला सांगतेस, आम्ही काय लहान आहोत?’ असं म्हणाल. सांगते, कारण पुढची खरेदी आपल्याच हातात आहे. मामा, मावशी, काका, आत्या आपणच होतोय. शिवाय ग्रुपमध्ये दर वाढदिवसाला कॉन्ट्री निघते आणि निम्मा केक तोंडाला फासण्यात जातो. एकदा त्या पैशांतून जवळच्या अंगणवाडीसाठी मोठ्या ब्लॉक्सची पिशवी घेऊन बघा. ताईंना आधी विचारा, किती मुलं आहेत, काय चालेल. ठोकळे साबणाच्या पाण्यात धुता येतात, शिळे होत नाहीत, आणि यंदाची मुलं शाळेत गेली तरी पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच चालतात.

आणि पिशवी देऊन लगेच निघू नका. मुलांच्या शेजारी मांडी घालून बसा, तुम्हीही चार ठोकळे घ्या. समोर चित्र नसेल तर पहिली दहा मिनिटं कदाचित तुम्हालाच काही सुचणार नाही. मोबाइल काढू नका. बसून राहा.